एकोणिसावा लोटा

लोटूच्या खोलीत माणसं तीन आणि पाण्याचे लोटे अठरा.

सुरतेतल्या बमरोलीच्या त्या चाळीत खोली म्हणजे दहा बाय बाराचा चौकोन. दार उघडलं तर उजेड, लावलं तर ट्यूबलाइट. खिडकी जिथे होती तिथे शेजारची नवी इमारत येऊन टेकली, तेव्हापासून खिडकीत पडदा नाही, भिंतच. अशा खोलीत समोर एक लांब फळी, आणि फळीवर स्टीलचे अठरा लोटे, कवायतीला उभे केल्यासारखे. लोटूची बायको उषाबाई दर शनिवारी ते खाली काढायची, घासायची, पुसायची, परत मांडायची, आणि दर शनिवारी तेच बोलायची.

“पानी पेवाले एक लोटा पुरस. बाकीना सतरा काय मनी छातीवर ठेवू?”

“शुकनना शेतस,” लोटू म्हणायचा. “ऱ्हाऊ दे.”

आता हे शकुनाचे लोटे आले कुठून, ते सांगायला हवं. सुरतेत यंत्रमागाच्या कारखान्याला ‘खातं’ म्हणतात. लोटू ज्या खात्यात कामाला होता ते धनसुखभाई शेठचं, छत्तीस मागांचं. दिवाळीला सगळे माग थांबतात, कारागीर आपापल्या गावी जातात, आणि लाभपाचमला, म्हणजे आपल्याकडच्या पांडवपंचमीला, शेठ पूजा करून एक नंबरचा माग चालू करतो. त्या मागाचं पहिलं हँडल ज्याच्या हातून पडेल त्याचा हात शुभ पाहिजे, कारण पुढच्या वर्षाचा धंदा त्या हातावर. आणि तो हात म्हणजे अमळनेर तालुक्यातून आलेल्या लोटू पाटलाचा. दर लाभपाचमला त्याने हँडल मारायचं आणि शेठनी त्याला एक नवा लोटा द्यायचा. दुसऱ्या खात्यांत कारागिराला मिठाईचा पुडा मिळतो, कुठे शर्टपीस मिळतं. याला लोटाच का, हे लोटूने कधी विचारलं नाही. नशिबाने दिलेल्या वस्तूला कारण विचारू नये, अशी त्याची समजूत.

हे सुरू झालं ते पुराच्या वर्षी. तापीने त्या पावसाळ्यात अख्खं शहर धुऊन काढलं होतं, आणि दिवाळीपर्यंत शेठचा धंदा पार बसला होता. लोटू तेव्हा पंचवीस वर्षांचा, खात्यात तिसरं वर्ष, तरी सगळ्यात नवा. दिवाळीत खातं राखायला कुणी तरी हवं म्हणून त्याला ठेवून घेतलेला. लाभपाचमच्या सकाळी शेठ एक नंबरच्या मागासमोर पाटावर बसले होते, तोंडात तंबाखूचा मावा. मागे दहा-बारा माणसं, त्यांच्याही मागे दाराशी लोटू. माग बंद. मागवाल्यांचे कान आधीच अर्धे गेलेले असतात, त्यात अशी शांतता पडली की त्यांना काहीबाही ऐकू येतं. शेठनी मागे न बघता हात वर केला आणि हाक मारली, आणि लोटूला आपलं नाव ऐकू आलं. “लोटू, आव!”

तीन वर्षांत शेठनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. लोटूचं काळीज असं काही उडालं की तो माणसं बाजूला सारत थेट मागापाशी जाऊन उभा राहिला. शेठनी वळून त्याच्याकडे पाहिलं. कुणी तरी वाकून त्यांच्या कानात काही सांगितलं. मग शेठ हसले, मान हलवली, म्हणाले, “सारुं, तुं ज कर.” बरं, तूच कर. लोटूने हँडल मारलं.

आणि त्या वर्षी धंदा असा उसळला की शेठनी शेजारचा गाळाही घेतला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली. पण ज्या कावळ्याच्या अंगाखाली फांदी तुटते त्याला वाटतं, आपल्यात काही तरी आहे. लोटूला तर तसं वाटायची घरचीच सवय होती. त्याच्या आधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून हा जन्मला तेव्हा आईने दृष्ट लागू नये म्हणून त्याला उकिरड्यावर ठेवून, लोटून देऊन, परत उचलून आणलं आणि नाव ठेवलं लोटू. तो जगला. तेव्हा आपल्या आयुष्यात जे होतं ते कुणी तरी उचलतं तेव्हा होतं, हे तो आईच्या दुधाबरोबर शिकला होता.

पुढच्या लाभपाचमला शेठनी स्वतः विचारलं, “पेलो लोटू क्यां छे?” तो लोटू कुठाय? आणि त्याला पहिला नवा लोटा दिला, आदल्या वर्षी पूजेतलाच उचलून दिला होता. झालं. शेठनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवला तो कायमचा.

वर चढवला, पण जागचा हलवला नाही. त्याच्यामागून आलेली पोरं मास्टर झाली, म्हणजे सगळ्या मागांवर नजर ठेवणारी, हातात पाना घेऊन फिरणारी. लोटू एक ते बारा नंबरवरच. एकदा त्याने भीत भीत विचारलं, तर शेठ म्हणाले, “अरे, मंदिरातली मूर्ती कोणी हलवतं का?” लोटू त्या रात्री घरी येऊन हे वाक्य मोठ्या अभिमानाने सांगत होता. उषाबाई म्हणाली, “मूर्तीले निवद तरी भेटस.” तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

कतारगामहून एकदा बोलावणं आलं होतं, चांगल्या खात्याचं. नाही गेला. सुरतेजवळच्या सचिन गावी एकाने भागीत चार माग टाकू म्हटलं. नाही टाकले. “मनं नशीब आठेच शे,” एवढंच. आणि दिवाळीची तऱ्हा तर विचारूच नका. सगळी खानदेशी माणसं दिवाळीला गावी जायची ती देवदिवाळी करूनच परतायची. लोटू भाऊबीजेचं ताट पुरतं जेवायचा नाही. बहीण ओवाळत असायची आणि हा पिशवीची चेन लावत असायचा. सुरतेच्या उधना स्टेशनकडे येणाऱ्या त्या रिकाम्या गाडीत तो एकटा बसलेला असायचा, आणि समोरून गावाकडे जाणाऱ्या गाड्या दाराला लोंबकळणाऱ्या माणसांनी भरून जात असायच्या.

एकच वर्ष चुकलं. आई दिवाळीतच गेली, दहावा लाभपाचमनंतर आला, म्हणून तो राहिला. चार-पाच महिन्यांत साथ आली, टाळेबंदी आली, सगळे माग थंड पडले. शेठ फोनवर म्हणाले, “जोयुं? आ वर्षे तारो हाथ न लाग्यो.” बघितलंस? यंदा तुझा हात लागला नाही. शेठ कदाचित गमतीने म्हणाले असतील. लोटूने ते खरं मानलं. अख्ख्या जगात माणसं मरत होती आणि बमरोलीत हा बाबा मनाशी म्हणत होता की एक हँडल मी मारलं असतं तर! हसावं की रडावं असल्या माणसाला? पण त्याच्या छातीवर तो दगड खरोखरच होता. त्यानंतर तो तापात असतानाही लाभपाचम चुकला नाही.

खरं म्हणजे त्याच्याकडे जे होतं ते नशीब नव्हतं, कान होता. छत्तीस मागांच्या खटखटाटात, जिथे शेजारच्याचं बोलणं ओठांवरून वाचावं लागतं, तिथे बारांपैकी कोणत्या मागाचा ठोका लंगडतोय हे लोटूला पाठमोरा उभा असताना कळायचं. तार तुटायच्या आधी तो तिथे पोचलेला असायचा. त्याच्या मागांवरचे कापडाचे ताके बिनडागाचे उतरायचे ते त्यामुळे. त्याला कुणी शाबासकी दिली की तो हात दाखवायचा. हाताचं यश आहे म्हणायचा. मागांच्या मधली वाट इतकी अरुंद की तिथे आडवं होऊनच चालावं लागतं; बावीस वर्षांत त्याला त्याची अशी सवय झाली की लग्नाच्या मांडवातही तो खांदा पुढे काढून तिरका चालायचा. मुलगी गायत्री बारावीत होती. ती मैत्रिणींसमोर म्हणायची, “पप्पा, सीधे चलो ना, यहाँ लूम नहीं है.”

यंदा नवरात्रात हेमराज आला. हेमराज लोटूच्याच हाताखाली शिकलेला, आता कडोदऱ्याला, धोट्याऐवजी पाण्याच्या फवाऱ्यावर चालणाऱ्या नव्या मागांच्या खात्यात सुपरवायझर. चहा घेता घेता म्हणाला, “आप्पा, आमना शेठ चोवीस नवीन मशीन लावी ऱ्हायना. मास्टर पाहिजे. मी तुमनं नाव सांगेल शे.”

लोटूने कप खाली ठेवला. “मनं नाव?”

“हां. दिनपाळीच. राहाले खोली. दोन खिडक्या शेतस खोलीले.” हे शेवटचं तो उषाबाईकडे बघून म्हणाला. उषाबाई साड्यांवर खडे चिकटवत होती. दिवसा ट्यूबलाइटखाली, डोळे बारीक करून. तिने हातातली साडी खाली ठेवली.

“फक्त एक शे,” हेमराज म्हणाला. “लाभपाचमले सकाळी नऊ वाजता तठे पाहिजेत तुम्ही. शेठ त्या दिनले मास्टरना हाते चालू करी. नही उनात, तर दुसरा मानूस तयार शे.”

“आन मना हाते ती मशीन चालनी नही तर?”

“का बरं नही चालाव? तुमना कान शेतस ना!”

“कान नही रे, नशीब,” लोटू म्हणाला. “ते आठेच चालस.”

तो घाबरला होता ते यालाच. बमरोलीत तो शुकनी होता. चूक झाली तरी शकुनाची चूक. कडोदऱ्यात तो नुसता चव्वेचाळीस वर्षांचा एक माणूस असणार होता, ज्याचं काम लोक बघणार होते. तरी हेमराज उतरून गेल्यावर तो उषाबाईला म्हणाला, “जाऊत आपण.” आणि तिने खरं मानलं. त्या महिन्यात तिने दोनदा खिडक्यांचे पडदे बघितले, साडीच्या उरलेल्या तुकड्यांतून.

लाभपाचमच्या आदल्या दिवशी तो नेहमीप्रमाणे रिकाम्या गाडीने परतला, यंदा बायकोमुलीला घेऊन. सकाळी अंघोळ करून तो शर्ट घालत होता. उषाबाई दारात उभी होती.

“कोठे जातस?” तिने विचारलं.

“आठ वाजता शेठनं मुहूर्त. हँडल मारस आन तसाच कडोदरा निंघस. नऊपावत पोहचसू.”

 बमरोलीहून कडोदऱ्याला दोन रिक्षा बदलून किती वेळ लागतो ते उषाबाईलाही ठाऊक होतं आणि त्यालाही. तो स्वतःलाच फसवत होता, आणि ते तिने त्याच्या पाठीकडे बघून ओळखलं.

आठचा मुहूर्त पावणेदहाला लागला. शेठच्या नातीचं लग्न ठरलं होतं, तिचे सासरे वलसाडहून यायचे होते, त्यांच्यासाठी सगळं थांबलं. शेठ आता सत्तरीपार, पाटावर बसवत नव्हतं, खुर्चीत बसलेले. लोटू एक नंबरच्या मागापाशी हात जोडून उभा. खिशात फोन थरथरला. थांबला. परत थरथरला. त्याला माहीत होतं कोणाचा आहे. पूजेच्या जागी फोन काढणं बरं दिसत नाही, असं त्याने मनाशी म्हटलं, आणि त्यात त्याला थोडं सुटल्यासारखंही वाटलं. दार आपोआप बंद होत होतं; त्याला स्वतः लावावं लागत नव्हतं.

पाहुणे आले. शेठ खुशीत होते. त्यांनी व्याह्यांना लोटू दाखवला आणि गुजरातीत सांगू लागले, “हा आमचा लोटू. याची मजा ऐका. पुराच्या साली मी इथे पूजेला बसलो होतो. कलशात पाणी नाही. मी मागे हात करून ओरडलो, ‘लोटो लाव!’ लोटा आण. तोंडात मावा. पाणी आणायचं सोडून हा गडी येऊन समोर उभा! मी मनात म्हटलं, हा कोण? कोणी तरी कानात म्हणालं, याचं नाव लोटू. आता मुहूर्ताला काय ओरडायचं? म्हटलं, चल, तूच कर!” शेठना हसताना ठसका लागला. “मी मागितला लोटो, आला लोटू! म्हणून दर वर्षी याला एक लोटो देतो. घरात सगळी पोरं वाट बघतात, काका, या वर्षी लोटूला लोटो दिला का?”

पाहुणे पोट धरून हसले. शेठची मुलं हसली, सुना हसल्या, हिशेब ठेवणारा मेहताजी हसला. त्यांच्या हसण्यात वाईटपणा काही नव्हता; घरातली जुनी, लाडकी गंमत होती ती. एकोणीस वर्षं सगळ्यांना ठाऊक होती. फक्त ज्याची गंमत होती त्याला ठाऊक नव्हती.

लोटूही हसला. हसायलाच लागतं. कुणी तरी म्हणालं, चाल लोटू, आणि त्याने हँडल मारलं. माग सुरू झाला, धोटा धावू लागला, टाळ्या वाजल्या. शेठनी त्याच्या हातात लोटा दिला, एकोणिसावा, काठाला लाल दोरा बांधलेला. लोटूने वाकून नमस्कार केला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्या मागाचा ठोका त्याच्या कानात शिरला नाही.

रस्त्यावर येऊन त्याने फोन लावला. पलीकडून हेमराज मोठ्याने बोलत होता, मागे कसला तरी सरसर आवाज. “आप्पा, साडेनऊपावत थांबनूत. शेठनी दुसरा मानूस उभा करा. आते नका येऊ. मले शरम वाटी ऱ्हायनी शेठसमोर.” आणि ठेवला.

घरी उषाबाई दारात बसून खडे चिकटवत होती. लोटा बघून तिने काय ते ओळखलं. लोटू उंबऱ्यावर बसला आणि त्याने तिला सगळं सांगितलं. पूर, मावा, कलश, लोटो. सांगून झाल्यावर म्हणाला, “माले कोन्हीच बलायेल नव्हतं.”

उषाबाई आधी हसली. असं हसली की बोटाचा खडा कपाळाला चिकटला. मग एकदम थांबली आणि तिचे डोळे भरून आले, रागाने.

“अठरा वरीस,” ती म्हणाली. “अठरा वरीस मी त्या लोकसनी गंमत घसी ऱ्हायनू! राख लाईलाईसन!”

तिने उठून फळीवरचे लोटे हातानेच ढकलले. ते खणखणत खाली पडले, काही दारातून बाहेर जिन्याकडे गडगडले. गायत्री कोपऱ्यातून धडपडत उठली आणि भिंतीशी उभी राहिली. लोटू खाली मान घालून होता. नशीब गेल्याचं दुःख त्याला होतंच, पण त्याहून मोठी लाज होती. एवढा नावाजलेला कान, आणि आयुष्यातली एकच हाक ऐकायची होती तीच चुकीची ऐकली.

“नशीबच नव्हतं मनं,” तो म्हणाला. “कव्हयच नव्हतं.”

“ओ गायत्रीना बाप,” उषाबाई ओरडली, “रडा नका! कोन्ही बलायेल नव्हतं ना? तरी गयथात ना पुढे? बठ्ठा लोके बाजूले करीसन गयथात! मंग आज कसाले बठनात?”

“हेमराजनी सांगं, येऊ नका.”

“मंग? त्या दिनले तरी कोन म्हने, या?”

 लोटूला ती पुराच्या वर्षीची सकाळ आठवली. दारापासून मागापर्यंतची ती दहा पावलं. तेवढीच दहा पावलं तो आपल्या पायांनी चालला होता; पुढची सगळी वर्षं त्याने त्या पावलांचं श्रेय हाताला दिलं होतं, आणि परत कुणी हाक मारील म्हणून उभा राहिला होता. हे सगळं त्याला तिथे उंबऱ्यावर इतक्या शब्दांत सुचलं असं नाही. त्याला फक्त घाम फुटला आणि बसवेना. तो उठला. लोटा हातातच होता.

कडोदऱ्याला पोचला तेव्हा दीड वाजला होता. हायवेला लागून नवं खातं, निळ्या पत्र्यांचं, गेटला अजून झेंडूच्या माळा, पायरीवर फुटलेल्या नारळाचं पाणी वाळत आलेलं. आतून मशीनींचा आवाज येत होता. लोटूने सवयीने कान दिला. खटखटाट नव्हता, धोटा नव्हता, नुसतं एकसारखं सळसळणं. यातलं चांगलं कोणतं आणि लंगडतंय ते कोणतं, त्याला काहीच कळेना.  परतीची रिक्षा समोरच उभी होती, आणि रिक्षावाला त्याच्याकडेच बघत होता.

वॉचमन खुर्चीतून उठला. त्याने या घामाघूम माणसाला, त्याच्या हातातल्या लाल दोऱ्याच्या लोट्याला खालीवर पाहिलं.

“किससे मिलना है? किसने बुलाया?”

“किसीने नहीं,” लोटू म्हणाला.

लोटा त्याने वॉचमनच्या टेबलावर ठेवला, आणि गेटातून आत गेला, खांदा पुढे काढून, तिरका.